थंड जागी ठेवावे

काटोलहून नागपूरला जाणाऱ्या पहिल्या एसटीत जयवंता नर्सबाईला खिडकीजवळची जागा मिळाली, तरी नागपूरच्या नाक्यापर्यंत ती तीनदा उठली. एकदा पदर सीटच्या पत्र्यात अडकला म्हणून, एकदा पिशवी वर ठेवावी म्हणून आणि एकदा वर ठेवलेली पिशवी परत मांडीवर घ्यावी म्हणून. शेजारी बसलेल्या बागवानानं शेवटी विचारलंच, बाई, पिशवीत कोंबडी आहे का? ती नाही म्हणाली. कोंबडी असती तर किती बरं झालं असतं, असं मात्र तिला मनापासून वाटलं.

पिशवीत बिस्किटाच्या पुड्याएवढी एक लोखंडी डबी होती. काटोलजवळच्या भिवडोहच्या आरोग्य उपकेंद्राच्या छपरावर सरकारनं चाचणी म्हणून सूर्यावर चालणाऱ्या काचेच्या पाट्या बसवल्या होत्या. गावात विजेचे खांब येऊन सहा वर्षं झाली होती, तार तेवढी यायची राहिली होती. तेव्हा पाट्यांची वीज दिवसभर बॅटऱ्यांत भरायची आणि त्या बॅटऱ्यांवर लशींचा छोटा फ्रिज चोवीस तास चालायचा. पाट्या आणि बॅटऱ्या यांच्यामधे ही डबी. किती वीज भरायची, कुठं हात आखडायचा, हे ती ठरवायची. कमी भरली तर बॅटरी उपाशी, जास्त भरली तर आतलं पाणी उकळून आटायचं. साहेब लोक तिला चार्जिंग रेग्युलेटर म्हणत, गाव डबी म्हणत असे आणि जयवंता आजवर 'माझी डबी' म्हणत आली होती. आज सकाळपासून तिनं 'माझी' हा शब्द उच्चारला नव्हता.

त्याचं कारण काल घडलं होतं. महिन्यातून एक गुरुवार उपकेंद्रात सुया टोचण्याचा असे. काल सकाळी तिनं एकोणीस पोरांना गोवराची सुई दिली. संध्याकाळी शिपाई धोंडबा बॅटऱ्यांत पाणी घालायला गेला आणि धावतच परत आला. बॅटऱ्यांची झाकणं उघडली तर आत पाणीच नव्हतं, पत्रे उघडे पडले होते. गेल्या काही दिवसांत पाणी लवकर आटतं म्हणून त्यानं दोनदा सांगितलंही होतं. त्यावर जयवंतानं त्याला ऐकवलं होतं, की मे महिन्यात माणसं आटतात तर पाणी का नाही आटणार, डबीवरचा हिरवा दिवा लागतो ना, मग झालं. काल संध्याकाळी तिनं फ्रिजमधे उष्णतामापक ठेवला आणि आज पहाटे पाहिला. एकोणीस अंश! आठच्या वर जायला नको तिथं. म्हणजे कोरड्या पडलेल्या बॅटऱ्या दिवसा उन्हाच्या जोरावर फ्रिज चालवत होत्या आणि रात्री अंग टाकत होत्या. किती रात्रींपासून, ते देव जाणे. दिवा मात्र रोज सकाळी इमानदारीनं हिरवा.

गोवराचं औषध म्हणजे भारी नाजूक प्रकरण. एकदा का तापलं, की मेलं. आणि मेलेलं औषध दिसायला जिवंतासारखंच दिसतं, सुईत तसंच चढतं, पोर तसंच रडतं.

पण तिला आतून कुरतडत होतं ते वेगळंच. काल सकाळी औषधाच्या डब्यात ठेवायच्या बर्फाच्या पिशव्या तिनं अंगठ्यानं दाबून पाहिल्या होत्या. त्या दबल्या होत्या, आतला बर्फ वितळला होता. तिनं मान वर करून हिरवा दिवा पाहिला, ओट्यावर तीन गावांतून उन्हाच्या आत चालत आलेल्या बाया पाहिल्या, आणि सुई भरली. उष्णतामापक कपाटातच होता. तो काढायला कितीसा वेळ लागला असता?

बाया आल्या होत्या याचंच तिला अप्रूप होतं. त्या भागात गोवर म्हणजे देवीचं येणं. घरात देवी असली की भाजीला फोडणी देत नाहीत, कडूनिंबाचा पाला उशाशी ठेवतात आणि सुईचं तर नावही काढत नाहीत. जयवंता दोन वर्षं दारोदार फिरून घसा कोरडा करत होती. सगळ्यांत कडक विरोध प्रयागबाईचा. परवाच्या साली त्या म्हातारीची नात गोवरातच गेली आणि तरी ती म्हणाली होती, की देवीनं नेली, तुझ्या सुईचं इथं काम नाही. मग यंदा काय झालं कोण जाणे, तीच प्रयागबाई आपल्या दहा महिन्यांच्या नातवाला, रविंद्रला, कडेवर घेऊन सगळ्यांच्या आधी ओट्यावर येऊन बसली. ती आली म्हणून बाकीच्या अठरा आल्या. आता त्या अठराजणींना कोणत्या तोंडानं सांगायचं, की काल टोचलं ते पाणी होतं?

म्हणून ती नागपूरला निघाली होती. तिला हवं होतं एकच. कोणीतरी जाणत्या माणसानं ही डबी तपासावी आणि म्हणावं, बाई, डबीच खराब आहे. बस. मग चूक यंत्राची, यंत्र करणाऱ्याची, फार तर नशिबाची. तिनं बर्फाच्या पिशव्या दाबून पाहिल्या होत्या हे धोंडबालासुद्धा ठाऊक नव्हतं.

काटोल नाक्यावर ती उतरली तेव्हा नऊ वाजले होते आणि ऊन तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. तिनं दुपट्ट्यानं डोकं-कान बांधले. रिक्षावाल्यांनी हाका मारल्या, पण तिच्यानं बसवलं नसतं. ती तरातरा सदरच्या दिशेनं चालू लागली.

सदरमधे एका मागच्या गल्लीत रूपरावांचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर, दारात ट्रकच्या मेलेल्या बॅटऱ्यांची रांग आणि आत एक लांब टेबल. रूपराव पंचावन्नचे, हाताला आम्लाचे डाग, शर्टाला आम्लानं पडलेली भोकं. ट्रकच्या बॅटऱ्या बनवण्यात अख्खी हयात गेलेली, आणि गेल्या काही वर्षांत अशा डब्या स्वतः जोडण्याचा नाद लागलेला. फेब्रुवारीत जयवंता इथं आली होती ती तोऱ्यात. जिल्ह्याच्या स्टोअरचे साहेब मनोहरराव ट्रकला असतो तसा साधा कट-आउट बसवायला निघाले होते. स्वस्तात मस्त. जयवंतानं विचारलं, तो आमच्या बॅटऱ्यांना चालेल का? साहेब हसले आणि म्हणाले, नर्सनं सुई पाहावी, वायर आम्ही पाहू. झालं. एवढं बोलणं जयवंताला पुरेसं होतं. ती स्वतः चौकशी करत रूपरावांपर्यंत पोचली.

रूपरावांनी त्या दिवशी तिला स्टुलावर बसवून सगळं नीट समजावलं होतं. ट्रकची बॅटरी म्हणजे लग्नातला बँडवाला. घटकाभर जोरात वाजवतो आणि मग दिवसभर आराम करतो. तुमच्या फ्रिजची बॅटरी म्हणजे जात्यावर बसलेली बाई. हळूहळू, पण रात्रभर दळायचं. तिला खोलवर रिकामं व्हावं लागतं आणि रोज पुरतं भरावंही लागतं. तो कट-आउट खट्कन चालू, खट्कन बंद. तो हिला अर्धपोटी ठेवील, नाही तर उकळून मारील. मग त्यांनी आपली डबी हातात घेतली होती. ही शेवटी शेवटी घोट घोट पाजते. आणि हिच्या पाठीवर हा तांब्याचा ठिपका आहे ना, ती हिची कातडी. थंडी असली की बॅटरीला जास्त लागतं, गर्मी असली की कमी. ही कातडीनं ओळखते आणि त्या हिशेबानं पाजते. नागपूरच्या उन्हाळ्यात हिच्याशिवाय दुसरी घेऊच नका. आणि हो, उन्हात टांगू नका हिला, सावलीत ठेवा.

जयवंतानं मग मनोहररावांशी उभा दावा मांडून हीच डबी मंजूर करून घेतली होती. साहेबांनी एक अट मात्र घातली होती. भिवडोहला उन्हाळा निघाला तर बाकीच्या अकरा उपकेंद्रांना हीच डबी, नाही तर साधा कट-आउट. अहवाल नर्सबाईंनीच द्यायचा.

आज रूपरावांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, डबी पिशवीतून काढली आणि टेबलावरच्या तारांना जोडली. मोठ्या काट्याचं एक मीटर त्यांनी समोर ठेवलं. जयवंता उभीच होती. बसा म्हटलं तरी बसेना. काटा हळूहळू चढला आणि साडेतेरा व्होल्टच्या जरा पुढं थांबला.

"डबी बरोबर आहे, नर्सबाई," रूपराव म्हणाले.

"पुन्हा पाहा."

त्यांनी पुन्हा पाहिली. काटा तिथंच. जयवंतानं तिसऱ्यांदा पाहायला लावलं, मग तार बदलायला लावली, मग मीटरच खोटं नाही ना म्हणून विचारलं. रूपरावांनी दुसरं मीटर आणून लावलं. दोन्ही काटे एकाच घरावर उभे. डबी ठणठणीत होती. एखादं माणूस ठणठणीत निघालं म्हणून कुणाला इतकं वाईट वाटलं नसेल. तिच्या कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला.

रूपरावांनी तिचा चेहरा पाहिला आणि टेबलावरचं सगळं सामान उचलून आतल्या कोपऱ्यात नेलं. तिथं कूलर चालू होता. तिला त्यासमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं, डबीही तिथंच स्टुलावर ठेवली. इथं निवांत अजून एक डाव पाहू, तुमचं समाधान होऊ द्या, म्हणाले. कूलरच्या ओल्या खसचा वास तिच्या अंगावर आला. तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि सहज मीटरकडे पाहिलं.

काटा चढत होता. साडेतेरावरून पावणेचौदा, मग चौदा, मग चौदाच्या वर. दहा मिनिटांत तो सव्वाचौदाला जाऊन टेकला.

रूपरावांना त्यात काही नवल नव्हतं. डबीला गारवा लागला, ती जास्त पाजायला लागली, तिचं कामच ते. ते आपले गालावर हात ठेवून दुसऱ्याच विवंचनेत बसले होते. जयवंताच्या हातातला पेला मात्र तसाच राहिला.

उपकेंद्राच्या पश्चिमेच्या दारावर खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, होती. धोंडबा दर तासाला तिच्यावर पाणी मारायचा आणि बाहेरची झळ आत येताना गार होऊन यायची. अख्ख्या भिवडोहमधे तेवढी एकच जागा थंड. जयवंता अठरा वर्षं नर्स होती. अठरा वर्षं तिनं बाटल्यांवर, खोक्यांवर एकच वाक्य वाचलं होतं, थंड जागी ठेवावे. जे नाजूक, जे मोलाचं, ते थंड जागी. डबी बसवायला आलेला वायरमन ती मागच्या टिनाच्या खोलीत, बॅटऱ्यांच्या डोक्यावरच ठोकायला निघाला होता. जयवंतानं त्याच्याशी भांडण केलं. तिथं भट्टी असते भट्टी, माझी डबी तिथं भाजायची नाही. तिनं जाड वायर वाढवून घेतली आणि डबी खसच्या टट्टीमागं, औषधांच्या कपाटाशेजारी टांगून घेतली. वर पांढऱ्या कापडाचं झालरीचं झाकण शिवून घातलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काही उगाच नाही.

रूपराव एव्हाना स्वतःशीच बोलू लागले होते. डबी बरोबर, तर मग बॅटऱ्या उकळल्या कशा? कुठला तरी जोड तापल्यावर सुटत असेल. आपणच कुठं तरी कच्चं काम केलं असेल. मग त्यांनी तिच्याकडे वळून हात जोडल्यासारखे केले.

"माहंच काही चुकलं असन, बाई. तुम्ही साहेबाले लिहून द्या, डबी खराब निघाली. अकरा डब्यांचं काम जाईन तर जाईन. लेकरायच्या औषधाचा सवाल आहे, मी खोटं नाई बोलून राहिलो."

जे ऐकायला ती उन्हातान्हात एवढ्या दूर आली होती, ते अगदी तसंच्या तसं तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं. नुसतं मान हलवायचं काम. तिनं पेला खाली ठेवला, परत उचलला. उठून दारापर्यंत गेली. दारातल्या मेलेल्या बॅटऱ्या पाहिल्या आणि परत आली. छप्पन साली ती आठ वर्षांची होती. बापाचं बोट धरून, पांढरं लुगडं नेसलेल्या आईच्या मागं, ती दीक्षेच्या मैदानावर गेली होती. परतताना बाप म्हणाला होता, देव सोडले, देवी सोडली, आता काही झालं तर ढकलायचं कोणावर? आपलं केलं आपल्यावर. तेव्हा तिला ते ऐकून फार मोकळं वाटलं होतं. आता त्याच वाक्याचा तिला राग आला. तिला त्या भल्या माणसाचाही राग आला, इतक्या झटकन चूक अंगावर घेतली म्हणून.

"रूपराव," ती म्हणाली, "डबी खसच्या टट्टीमागं होती. अन् बॅटऱ्या मागच्या टिनाच्या खोलीत."

रूपरावांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही. ते नुसते खाली बसले.

"डबीले वाटलं हिवाळा चालू आहे," ते हळूच म्हणाले, "म्हणून ते पाजत राह्यली. अन् तिकडे बॅटऱ्या मे महिन्यात." मग, "मी तुमाले सांगतलंच नाई, की हे बॅटरीच्या जवळच पाहिजेन. उमर गेली माही या धंद्यात, डबी दुसऱ्या खोलीत टांगनारा मानूस पाह्यलाच नाई, तर सांगू काय?"

बर्फाच्या पिशव्या दाबून पाहिल्याचं तिनं त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. ते त्यांच्या कामाचं नव्हतं, पण एकदा तोंड उघडलं की थांबवत नाही.

तिथून ती स्टोअरला गेली. नव्या औषधासाठी अर्ज करायचा होता आणि अर्जात कारण लिहायचं होतं. तिनं उभ्याउभ्याच लिहिलं, एकही ओळ न खोडता. डबीत दोष नाही, जागा चुकीची निवडली, निवडणारी मी, बर्फ वितळल्याचं कळूनही सुई दिली ती मी. मनोहररावांनी कागद दोनदा वाचला. ते हसतील, टोमणा मारतील, म्हणून तिनं दात आवळून धरले होते.

"म्हणजे डबी चांगली, नर्स वाईट?" त्यांनी विचारलं.

"हो. तसंच धरा."

साहेबांनी कागद फायलीत ठेवला. मग कामाचं बोलले. तिच्या सेवापुस्तकात नोंद होईल, त्याला इलाज नाही. अकरा केंद्रांना डब्या जातील, पण प्रत्येक डबीसोबत कागद जाईल आणि त्यात भिवडोहला काय चुकलं ते नावगावासकट असेल. जयवंतानं मान हलवली. त्यांनी बर्फाच्या पेटीत औषध मोजून दिलं आणि ती निघताना, अगदी आपलेपणानं, एक सल्ला दिला. बायांना खरं सांगायच्या भानगडीत पडू नका. दुसरा डोस आहे म्हणा. पोलिओचे तीन असतात, गोवराचे दोन म्हटले तर कोणाला कळणार आहे? एकदा विश्वास उडाला की तुमची दोन वर्षं पाण्यात.

सल्ला इतका सोयीचा होता, की भिवडोहपर्यंत तो तिच्या शेजारीच बसून आला. त्यात वाईट ते काय होतं? पोरांना खरं औषध मिळणार, बायांना उगाच धास्ती नाही. तिनं मनातल्या मनात वाक्यही जुळवून पाहिलं. वाक्य चांगलं जुळत होतं. तेच तिला आवडेना. रात्री तिला झोप अशी लागली नाहीच.

शनिवारी सकाळी धोंडबानं तिन्ही गावांत निरोप फिरवला आणि आठच्या आत उपकेंद्राच्या ओट्यावर पोरं घेतलेल्या बाया जमल्या. एकोणिसांपैकी सतराजणी. प्रयागबाई पहिल्या पायरीवर होती. रविंद्र तिच्या मांडीवर गाढ झोपला होता. काहून बोलावलं वं, असं ती दोनदा विचारून चुकली होती. जयवंता आत गेली, बाहेर आली, पेटीचं झाकण तपासलं, परत आत गेली. शेवटी तिचा तिलाच वैताग आला आणि ती ओट्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"परवाची सुई वाया गेली," ती म्हणाली. "औषध गर्मीनं मेलं होतं. ते पुन्हा द्या लागते."

मग मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, आणि एकीनं दुसरीकडे पाहिलं. प्रयागबाईनं मान वर केली.

"म्हंजे परवाच्या दिशी माहा नातू उगाचच रडला?"

"हो."

"चूक कोनाची?"

दुसरा डोस, साधा कट-आउट, मे महिना, रूपराव, वायरमन, असं सगळं एका क्षणात जयवंताच्या जिभेवर येऊन गेलं.

"माही," ती म्हणाली. "बर्फ पघळला होता. मले दिसलं होतं. तरी म्या टोचलं."

दोघी-तिघी उठल्या. एकीनं पदर खोचला आणि लेकराला खांद्यावर टाकून चालायला लागली, दुसरी तिच्यामागं. देवीशी खेळ करायला जाऊच नये, असं कुणीतरी ऐकू जाईल अशा बेतानं बोललं. मग प्रयागबाई सुरू झाली. तिनं जयवंताचा असा उद्धार केला, की धोंडबा लाजून टट्टीवर पाणी मारायला निघून गेला. अडीच कोस चालून आणलं पोराला, रात्रभर ताप होता त्याला, मांडी सुजली, सून अजून बोलत नाही माझ्याशी, आणि तू सांगते, उगाच? शिकलेली म्हणून तुझं ऐकलं, तुले डोळे नव्हते का वं? जयवंताला रडू येत होतं आणि रडण्याची सोय नव्हती.

म्हातारीचा दम संपला. गेलेल्या बाया फाटकापाशीच थांबल्या होत्या. पुरत्या जातही नव्हत्या, परतही येत नव्हत्या. जयवंतानं पेटीकडे पाहिलं. बर्फ आहे तोवरच हे औषध, ऊन तर चढतच होतं. तिनं सुई काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि प्रयागबाईसमोर पायरीवर वाकली.

"पोरगं निजलं हाये," प्रयागबाई म्हणाली. "उठू दे त्याले. तवर बस."

"आजी, औषध..."

"तुले घाई हाये. त्याले नाई. बस म्हनलं ना."

जयवंता बसली. दोन दिवसांत पहिल्यांदा ती एका जागी बसली, पेटी पोटाशी धरून, म्हातारीच्या पायाशी. फाटकापाशी कुणी हललं नाही. रविंद्रच्या नाकपुड्या हलत होत्या, त्याच्या ओठांवर माशी बसली की प्रयागबाई पदरानं वारायची. उन्हाची तिरीप पायरी चढून पेटीच्या कडेवर आली तेव्हा जयवंतानं पेटी सावलीत सरकवली. उठावंसं वाटत होतं आणि उठायची परवानगी नव्हती.

पोरानं शेवटी डोळे उघडले, आजीचं तोंड पाहिलं आणि जांभई दिली. प्रयागबाईनं त्याला उठवून मांडीवर बसवलं, त्याचं झबलं वर केलं आणि परवा टोचलेल्या, अजून लालसर दिसणाऱ्या मांडीवरून एकदा हात फिरवला. मग तिनं दुसरी मांडी पुढं केली आणि ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"धर," ती म्हणाली. "अन् ह्या डावाले नीट दे."